दुमजली खाट

आमच्या घरातून मुलं सोडून दुसरं काहीही बाहेर जाऊ शकत नाही, हा शोध मला भंगारवाल्यासमोर लागला.

तो दारात उभा होता, मी खोलीत उभा होतो आणि आमच्या मध्ये ती दुमजली खाट उभी होती. पूर्ण लोखंडी. एक माणूस खाली, एक माणूस वर, बाजूला शिडी. भंगारवाल्याने खाटेकडे पाहिलं, मग दाराच्या चौकटीकडे, मग परत खाटेकडे आणि शेवटी माझ्याकडे.

"मिस्त्री, ही आत कशी आली?"

"आली नाही. इथेच जन्मली."

त्याला वाटलं मी गंमत करतोय. पण मी जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस आहे, लोखंडाच्या बाबतीत गंमत करत नाही. आमचा जिना अरुंद. म्हणून मी त्या वेळी अँगल सुटे सुटे वर आणले आणि खोलीतच खाट उभी केली. तेव्हा ती नटबोल्टची होती. चार बोल्ट सोडले असते तर कधीही बाहेर निघाली असती. पण आमच्या धाकट्याला चमच्याच्या दांड्याने बोल्ट सोडवायची विद्या अवगत झाली. कोणी शिकवली देवाला ठाऊक. शाळेत शिकवलेलं तर त्याला काहीच येत नव्हतं. एका रविवारी दुपारी खाट एका अंगाला कलली आणि वर झोपलेली थोरली उशीसकट खाली आली. तिला खरचटलंसुद्धा नाही, कारण ती धाकट्यावर पडली. मी तस्सा उठलो, वर्कशॉपातून मशीन आणलं आणि एकूण एक सांधा पक्का केला. "आता काढ म्हणावं चमच्याने!" असं म्हणून मशीन बंद केलं.

माणसाने रागाच्या भरात वेल्डिंग करू नये. राग निवतो, वेल्डिंग राहतं.

"कापावी लागेल," भंगारवाला म्हणाला. "कापून खाली आणून ठेवा, मी उचलतो." आणि तो गेला. जाताना जिन्यात हसल्याचा आवाज आला. माझ्या हातची फाटकं या भागात अजून दारोदार उभी आहेत. ती बनवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराच्या दाराचं माप घ्यायचं राहिलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत पोचणार, हे मी ओळखलं. ती दुपारीच पोचली.

मला ती खोली हवी होती. यात लपवण्यासारखं काही नाही. दिवसभर वर्कशॉपात ठणाठण ऐकायची आणि घरी आलो की आतल्या खोलीत तीच ठणाठण, फक्त हातोड्याऐवजी पाय. दोघं वरच्या मजल्यावरून खाली उड्या मारत, शिडीवरून भांडत, वर कोण झोपणार यावरून एकमेकांचे केस उपटत. मी बाहेरच्या खोलीतून ओरडायचो, "उतरा खाली! डोकं फुटेल!" कोणी उतरायचं नाही. मग मी बायकोला म्हणायचो, एकदा ही पोरं मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागू दे. या खोलीत एक टेबल टाकीन, एक खुर्ची टाकीन आणि दार लावून बसेन. बसून काय करणार ते ठरलं नव्हतं. बसणार एवढं नक्की होतं.

पुढे तेही ठरलं. मला लिहावाचायला उशिरा आलं. आलं तेही त्याच खाटेवर. थोरली दुसरी-तिसरीत असताना तिला मास्तरीण व्हायची हौस होती आणि विद्यार्थी मिळत नव्हता. धाकटा मार खाऊनही बसेना. मग कामावरून दमून खालच्या मजल्यावर आडवा झालेला बाप तिच्या तावडीत सापडला. ती वरून पालथी लटकायची, वेण्या खाली लोंबत असायच्या, आणि दोन वेण्यांच्या मधोमध पाटी. चुकलं की म्हणायची, "कान धरा." मी कान धरायचो. वर्कशॉपात माझ्या हाताखालची पोरं मला चळाचळा कापत आणि इथे मी कान धरून पडलेला. पण अक्षर डोळ्यांत बसलं. आता म्हातारपणी लिहायचा नाद लागलाय; उशिरा लागलेला नाद जरा जास्तच लागतो. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून लिहायला बसलो की बायको म्हणते, "अहो, वही उचला, पीठ सांडलंय." अशाने काय लेखन होणार?

तर थोरली लग्न होऊन गेली, धाकटा नोकरी घेऊन लांब गेला. खोली रिकामी झाली म्हणावं तर खाट तिथेच. खालच्या मजल्यावर जुन्या गाद्या, वरच्या मजल्यावर रिकामे डबे. मुलांनी जेवढी जागा अडवली नव्हती तेवढी डब्यांनी अडवली.

बायकोचं मत विचाराल तर मला दोन बायका आहेत. एक सकाळची, एक संध्याकाळची. सकाळची बायको केर काढताना खाटेच्या पायाला झाडू आपटून म्हणते, "काढा एकदाचं हे धूड! कंबर मोडली माझी याच्याखालून झाडून." आणि संध्याकाळची बायको त्याच खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत म्हणते, "राहू दे हो. काय खायला मागतेय का?" मी एकदा म्हटलं, तुम्ही दोघी एकदा समोरासमोर बसा आणि काय ते ठरवा. त्यावर दोघीही माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

थोरलीला फोन केला. तिच्या मागे तिचं पोर भोकाड पसरून रडत होतं.

"काढून टाका बाबा," ती ओरडूनच म्हणाली. "आधी काढायला हवी होती. तुम्ही दोघं जरा मोकळे राहा. मला बघा, बसायला जागा नाही, दोन मिनिटं शांतता नाही. ए, ते तोंडातून काढ! बाबा, ठेवते."

फोन ठेवून मी पाणी प्यायलो, तोवर पुन्हा तिचाच.

"काढली का?"

"अगं, आत्ता तर विचारलं."

"हां. मग जरा थांबा. म्हणजे काढा, पण लगेच नको."

"म्हणजे कधी?"

"ते तुम्ही बघा. मी कशाला सांगू? तुमचं घर आहे," असं म्हणून उलट तीच रुसली.

धाकट्याचं सोपं होतं. तो म्हणाला, "मी आलो की बघू." तो बरीच वर्षं 'आलो की' बघतोय.

आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत. त्यांना इमारतीत सर्वज्ञ म्हणतात. ते स्वतःही ते नाव आनंदाने लावतात, कारण त्यातली खोच सोडून त्यांना सगळं कळतं. ते न बोलावता आले, खाटेभोवती फिरले, टिचकी मारून पाहिली.

"दार काढा," ते म्हणाले.

"दार काढलं तरी चौकट राहते."

"चौकट काढा."

"चौकटीवर भिंत आहे."

"तेच तर! भिंतीपासूनच सुरुवात करायला हवी होती तुम्ही." ते समाधानाने खालच्या मजल्यावर बसले आणि उठताना वरच्या मजल्यावर डोकं आपटून घेतलं. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने त्या जागी डोकं आपटलेलं आहे. फक्त मुलांनी कधी नाही. त्यांच्या डोक्याला ती जागा पाठ होती.

शेवटी कापायचंच ठरलं. पण कटर चालवायचा म्हणजे आवाज, आणि आवाज म्हणजे सेक्रेटरी. आमच्या इमारतीचा सेक्रेटरी हा आवाजाचा शत्रू. त्याच्या दारावर घंटी नाही. टकटक करा, तीही हलक्या हाताने, अशी पाटी आहे. त्याला स्वतःची दोन मुलं आहेत आणि ती पाटी त्यांच्यासाठी आहे असं म्हणतात. पण मुलांना पाट्या लागू पडत नाहीत, म्हणून बाकीच्यांना लावतो.

"लेखी अर्ज द्या," तो म्हणाला.

मला खरं तर आनंदच झाला. लेखी म्हटलं की माझी छाती फुगते. ओट्यावरचं पीठ पुसून मी दोन पानी अर्ज लिहिला. खाटेचा जन्म, तिचं कार्य, बोल्टचा प्रसंग, थोरलीचं पडणं, माझं वेल्डिंग, सगळं आलं. सेक्रेटरीने तो उभ्यानेच वाचला.

"मिस्त्री, हा अर्ज आहे की चरित्र?"

"खुलासा नको का?"

"विषय कुठाय? वर विषय लिहा. आणि एका वाक्यात."

मी परत लिहिला. तर म्हणे तारीख नाही. तारीख घातली, तर म्हणे कोणत्या वेळी कापणार ते नाही. वेळ घातली, तर म्हणे त्या वेळी खालच्या वहिनींचं बाळ झोपतं. मी खाली जाऊन त्यांना विचारलं, बाळ कधी उठतं?

"काका, ते झोपतंच कुठे!" त्या माउलीचे डोळे तांबारलेले होते. "झोपलं तर मला सांगा, मीही झोपेन. कधी कधी वाटतं कुणाला तरी देऊन टाकावं हे कार्टं. आणि आजीकडे एक दिवस ठेवलं, तर मी दुपारी तिथे जाऊन हजर. घर नुसतं खायला उठलं हो!"

मी मनात म्हटलं, हिची सकाळ-संध्याकाळ एकदमच सुरू झालेली दिसते.

अखेर परवानगी मिळाली. 'विषय : राहत्या खोलीतील लोखंडी खाट कापण्याबाबत.' खाली सेक्रेटरीची सही. एवढं सुबक पान माझ्या हातून आजवर झालं नव्हतं.

ठरल्या दिवशी जुन्या वर्कशॉपातून कटर आणि मशीन आणलं, काळा चष्मा चढवला, हातमोजे घातले. डबे, गाद्या बाहेर काढल्या. बायको दारात पदराने नाक झाकून उभी राहिली. सर्वज्ञ तिच्या मागे. कापायचं कुठून हे बघायला मी खालच्या मजल्यावर आडवा झालो आणि वर पाहिलं.

वरच्या पत्र्याच्या पोटाला च्युइंगम चिकटवलेलं होतं. एक-दोन नाही, ओळीने. थव्याने बसलेले पक्षी दिसावेत तसं. धाकट्याला च्युइंगम खायची सक्त मनाई होती, त्यामुळे खाऊन झालं की लपवायला ही जागा. मी त्याच्या उश्या तपासल्या, खिसे तपासले, दप्तर उलटं केलं. वर बघायचं कधी सुचलं नाही. हातमोजा काढून एकाला बोट लावलं. दगड झाला होता. त्यावर दात उमटले होते. इवले इवले, दुधाचे. मधला एक नव्हता, त्या जागी फट.

मी उठलो आणि मला जे कधी झालं नव्हतं ते झालं. माझंच डोकं वरच्या मजल्यावर आपटलं.

"कापा आता," सर्वज्ञ म्हणाले. "डावा पाय आधी."

"कापल्याने माल खराब होतो," मी म्हटलं.

"भंगारच आहे ना?"

"भंगार असलं म्हणून काय झालं? अख्खी वस्तू ती अख्खी वस्तू. खिडकीतून काढू."

"खिडकीला ग्रिल आहे!"

ग्रिलही माझ्याच हातचं. थोरली रांगायला लागली तेव्हाचं. चांगलं जाड, भिंतीत गाडलेलं. मी कटर उचलला आणि खिडकीकडे वळलो.  बायको फक्त म्हणाली, "म्हणजे खाट कापायला नको म्हणून ग्रिल कापायचं?"

"तसंच काही नाही."

"कापा. आता कोण पडणार आहे?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे भांड्यांचा उगीचच आवाज झाला.

मी ग्रिल कापलं. ठिणग्या खाली उडाल्या, खालच्या वहिनींनी वाळत घातलेल्या दुपट्यांना भोकं पडली, बाळ उठलं, सेक्रेटरी धावत वर आला.

"मिस्त्री! परवानगी खाटेची आहे, ग्रिलची नाही!"

"खाटेसाठीच ग्रिल कापलंय."

"विषयात तसं नाही!"

विषय एका वाक्यात लिहायचा आग्रह कुणाचा होता, हे मी त्याला विचारलं नाही. माझ्या चरित्रात सगळं आलं असतं.

मग भंगारवाला दोन मेहुणे घेऊन आला. "सख्खे आहेत," म्हणाला. जणू त्याने दोर मजबूत होतो. खाट आडवी केली, तिरपी केली, पालथी केली. शेवटी शिडीच्या बाजूने घातली तेव्हा ती खिडकीतून पुढे सरकली. आम्ही चौघं दोर धरून आत, सर्वज्ञ खाली अंगणात उभे राहून सूचना देणार. ते खालून "डावीकडे!" म्हणाले की ते त्यांचं डावं असायचं. खाट दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत गोल फिरली, शिडी वहिनींच्या गॅलरीतल्या दोरीत अडकली आणि त्या घरातले सगळे कपडे अंगावर घेऊन खाली निघाली. वरच्या मजल्यावर चादर, खालच्या मजल्यावर परकर. इमारतीच्या सगळ्या खिडक्यांत माणसं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत पक्क्या कामाची अशी मिरवणूक निघेल असं मला वाटलं नव्हतं.

पण उतरली. अंगणात चार पायांवर उभी राहिली. एक सांधा हलला नाही. भंगारवाल्याने हातगाडीकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, आणि मला त्याचं पुढचं वाक्य पाठ झालं होतं.

"मिस्त्री, ही गाडीत मावत नाही. कापून द्या."

"मेहुणे सख्खे आहेत ना?"

"मेहुणे आहेत, ट्रक नाही."

ते गेले. नगरपालिकेच्या गाडीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला ग्रिल बांधकामात मोडतं आणि खाट घरसामानात. दोन्हींच्या गाड्या वेगळ्या, दोन्हींचे साहेब वेगळे आणि ते दोन साहेब एकमेकांशी बोलत नाहीत. सेक्रेटरीने मला मुदत दिली. उद्या संध्याकाळपर्यंत अंगण मोकळं नाही झालं तर तो स्वतः माणूस बोलावून खाटेचे तुकडे करणार होता. तसं त्याने लेखी दिलं. विषयासकट.

मी वर गेलो. खोली रिकामी होती. एवढी मोठी खोली आमच्या घरात होती हे मला माहीत नव्हतं. खोकलो तर आवाज भिंतीवरून परत आला. फरशीवर चार पायांच्या जागी चार काळे ठिपके. बायकोने ते ओल्या फडक्याने पुसले, निघाले नाहीत. मग तिने पुसायचं सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून टेबल आणलं. लाकडी, चार स्क्रूंचं. यात मी अजिबात हात घातला नाही. ते खिडकीपाशी लावलं, खुर्ची ठेवली, वही उघडली, दार लावलं आणि बसलो. माझी इतक्या वर्षांची इच्छा पूर्ण झाली. मी पेनाचं टोपण काढलं, तोच खालून आवाज आला.

ठण्ण.

मग ठणठणठण. मग किंचाळी. मग, "मी वर! मी वर! मघाशी तू होतीस!"

खिडकीतून वाकून पाहिलं. आता ग्रिल नव्हतं, त्यामुळे पार कमरेपर्यंत वाकता आलं. शाळा सुटली होती आणि इमारतीतली झाडून सगळी पोरं खाटेवर. वरच्या मजल्यावर पाच-सहा, खालच्या मजल्यावर किती ते मोजता येत नव्हतं, दोघं शिडीवरून भांडत होते. त्यातली दोन सेक्रेटरीची. अगदी वर, दोन्ही पाय खाली सोडून, वेण्यांची एक मुलगी राणीसारखी बसली होती.

मी परत खुर्चीत बसलो. एक ओळ लिहिली. ठण्ण. खोडली.

बायको चहा घेऊन आली. "काय लिहिलंत?"

"या गोंगाटात काय लिहिणार?"

"मग ओरडा ना," ती म्हणाली. आणि कप टेबलावर ठेवून खिडकीशी उभी राहिली. चांगली वीस मिनिटं तिथेच. मी म्हटलं, तुला काम नाही का? तर म्हणाली, "ते बघा, तो लाल सदऱ्यातला पडणार आता. बघा, सांगत होते, पडला. रडला नाही हो."

तेवढ्यात थोरलीचा फोन आला.

"बाबा, काढली?"

"काढली."

 पलीकडे या वेळी तिचं पोर रडत नव्हतं. बहुतेक झोपलं होतं.

"खोली कशी दिसते?" तिने विचारलं.

"मोठी."

"तुम्हाला हवी होती तशी ना?"

"हो. टेबल आणलंय."

"छान झालं," ती म्हणाली. तिचं 'छान' मी तिच्या जन्मापासून ओळखतो. ते छान नव्हतं. "हा आवाज कसला बाबा?"

"खाटेचा. अजून अंगणातच आहे. संध्याकाळी सेक्रेटरी तुकडे करणार आहे." मी फोन खिडकीबाहेर धरला. ठणठणाट ऐकवला. परत कानाला लावला तर ती हसत होती, नाक ओढत.

"वर कोण बसलंय?"

"एक मुलगी आहे. वेण्या घातलेली."

"मग ठीक आहे."

आणि एकाएकी आवाज थांबला.

कमी झाला नाही, थांबला. ठणठण नाही, भांडण नाही, काही नाही. ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना सांगायला नको. पोरं ओरडत असतात तोवर घर सुखरूप असतं. गप्प झाली की काहीतरी फुटलेलं असतं, गिळलेलं असतं, नाहीतर पेटलेलं असतं.

फोनमधून थोरली किंचाळली, "बाबा! गप्प का झाली? आधी बघा जाऊन!"

बायको तोवर जिन्यात पोचलीसुद्धा होती. गुडघे दुखतात म्हणून जिना न उतरणारी बाई. मी चपला न घालता तिच्या मागे. जाता जाता पाहिलं, तर प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. खालच्या वहिनी बाळ काखोटीला मारून धावत होत्या. सर्वज्ञांच्या अर्ध्या गालाला साबण होता. आणि सगळ्यांच्या पुढे, बनियनवर, आवाजाचा शत्रू सेक्रेटरी.

"आवाज का बंद झाला?" तो ओरडत होता. "अरे, आवाज का बंद झाला?"

अंगणात सगळी पोरं खाटेच्या खाली कोंडाळं करून बसली होती. मुंड्या खाली, श्वास रोखलेले. मध्ये ती वेण्यांची मुलगी. तिच्या हातात चमचा होता. चमच्याचा दांडा सांध्यात खुपसून ती जीव खाऊन पिरगाळत होती आणि बाकीची मंडळी तो सांधा आत्ता सुटतो की मग सुटतो म्हणून डोळे लावून बसली होती.

दांडा वाकला होता. सांधा जागच्या जागी होता.

माझ्या शेजारी बायकोने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. हसत होती की दुसरं काही, मी पाहिलं नाही.

"बाळ," मी वाकून म्हटलं, "ते निघायचं नाही."

"का?"

"कारण तुझ्यासारखंच एक मला ठाऊक होतं."

तिने माझ्याकडे, मग चमच्याकडे पाहिलं. "मोठा चमचा आणला तर?"

सेक्रेटरीने कंबरेवर हात ठेवले. त्याचं धाकटं पोर त्याच्या पायाशी बसून खालच्या पत्र्याच्या पोटाला काहीतरी चिकटवत होतं. सेक्रेटरीला ते दिसलं नाही. मला दिसलं. 

"मिस्त्री," तो घसा खाकरून म्हणाला, "आज शाळा सुटल्यापासून माझ्या घरात चिटपाखरू नाही. मी प्रथमच पूर्ण वर्तमानपत्र वाचलं."

"मग बरं झालं की."

"कसलं बरं? चार वेळा खिडकीत येऊन बघितलं." तो खाटेभोवती फिरला, शिडीला हिसडा देऊन पाहिला. "पक्की आहे ना?"

"बोल्ट नाहीत," मी म्हटलं.

"हं. कोपरे तेवढे घासून द्या, कुणाला लागायला नको. आणि लेखी अर्ज द्या. विषय : खाट अंगणात तात्पुरती ठेवण्याबाबत."

"तात्पुरती म्हणजे किती दिवस?"

तो आपल्या दोन्ही पोरांकडे बघत राहिला. "मोठी होईपर्यंत लिहा," म्हणाला आणि आपण बनियनवर आहोत हे ध्यानात येऊन लगबगीने वर गेला.

मी कोपरे घासले. मग वर आलो. फोन टेबलावर तसाच चालू होता. थोरली कान लावून बसली होती. खाट अंगणातच राहणार, हे मी तिला सांगितलं. "बाबा, सुट्टीत पोराला घेऊन येते," ती म्हणाली. "त्याला अजून वर चढता येणार नाही. खाली बसवू." मी बरं म्हटलं. मग म्हणाली, "आणि धाकट्याला सांगू नका. तो लगेच येईल आणि वरची जागा मागेल." मी त्याला त्याच रात्री सांगितलं. तो म्हणाला, "मी आलो की बघू," पण या वेळी कधी येणार ते त्याने आपणहून सांगितलं.

दार लावलं, खुर्चीत बसलो, वही उघडली. नव्या टेबलावरचं माझं पहिलं लेखन म्हणजे तो अर्ज. विषय एका वाक्यात, तारीख, सगळं नीट. खाली पुन्हा ठणठणाट सुरू झाला होता आणि माझं अक्षर त्या ठोक्याबरोबर जरा हलत होतं. सही करायला पेन टेकवलं आणि टेबल थडथडलं असं वाटण्याइतकी मोठी उडी कुणीतरी मारली.

मी उठलो. रिकाम्या खिडकीतून कमरेपर्यंत वाकलो आणि होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडलो, "उतरा खाली! डोकं फुटेल!"

कोणी उतरलं नाही.

फार बरं वाटलं.